पाणी मारुतीच्या कमरेला: मेल्टडाउनमध्ये इजा होऊ नये म्हणून आमच्या घराने काय केलं

मेल्टडाउन आला की, म्हणजे आवाज, उजेड, ताण सोसण्यापलीकडे जाऊन स्वतःवरचा ताबा सुटला की, माझं डोकं भिंतीवर आपटतं, नाहीतर उजव्या हाताची मूठ कपाळावर बसते. लहानपणापासून हे असंच आहे. मी आता पस्तिशीत आहे. नाशिकला आई, दादा, वहिनी आणि माझी भाची यांच्याबरोबर राहते, एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते. मला ऑटिझम आहे हे कागदावर यायला तिशी उलटावी लागली. त्यानंतरच्या काही वर्षांत घरातल्या सगळ्यांनी मिळून एक व्यवस्था बसवली, तिच्याबद्दल लिहिते आहे. मेल्टडाउन कायमचे बंद व्हावेत अशी अपेक्षा तिच्यात कुठेच नाही. ते येतात. आले तरी माझ्या डोक्याला, डोळ्यांना, हातांना इजा होऊ नये आणि सोबतच्या माणसालाही लागू नये, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

मराठीत ऑटिझमवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक लहान मुलांच्या आईवडिलांसाठी असतं. ती मुलं मोठी होतात. पाच वर्षांच्या मुलाला कडेवर उचलून बाजूला नेता येतं, पस्तिशीतल्या बाईला नेता येत नाही. तेव्हा काय करायचं हे आम्हाला कुठे आयतं मिळालं नाही.

आधी आतून काय होतं ते सांगते. हट्ट आणि मेल्टडाउन बाहेरून सारखे दिसू शकतात. पण हट्ट करणारं मूल मधूनच बघतं की आपल्याकडे लक्ष आहे ना, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये असं बघणारं आत कुणी शिल्लक राहत नाही. पंख्याची घरघर, शेजारचा मिक्सर, टीव्ही, कुणीतरी विचारलेला साधा प्रश्न, सगळे आवाज एकाच उंचीचे होतात. मग शब्द जातात. म्हणजे मला वाक्य माहीत असतं, पण ते तोंडापर्यंत येत नाही. कपड्यांची शिवण टोचायला लागते, उजेड डोळ्यांत घुसतो, आणि शरीर काहीतरी एकच, मोठं, स्पष्ट जाणवेल असं शोधायला लागतं. डोक्याला बसलेला फटका त्या गोंधळात स्पष्ट जाणवतो. माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी, म्हणजे रोजची कामं आणि संवेदना सांभाळायला शिकवणाऱ्या ओटी ताईंनी, मला हे समजावलं. स्नायूंवर आणि सांध्यांवर येणारा जोरकस दाब बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना शांत करतो. मेल्टडाउनमध्ये शरीर तोच दाब मिळवायला धडपडतं, पण नको त्या जागी. त्यात मरायची इच्छा नसते आणि कुणाला घाबरवायचा हेतूही नसतो.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. २०२० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ऑटिस्टिक माणसांपैकी साधारण ४२ टक्के जणांमध्ये स्वतःला इजा होईल असं वागणं आढळलं होतं. एवढ्या घरांत हे चालू असतं आणि बहुतेक घरं त्याबद्दल गप्प असतात.

मी शाळेत असताना आमच्या नात्यात याला आडमुठेपणा म्हणत. वयात आल्यावर ‘हिच्या अंगात येतं’ अशी कुजबुज सुरू झाली. एका नातेवाईकांनी कुठल्याशा बाबाकडे न्यायचा फार आग्रह धरला होता. माझ्या वडिलांनी ठाम नकार दिला, त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे. तुमच्या घरात कुणी असं सुचवलं, तर सरळ सांगा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा त्याखाली गुन्हा आहे.

निदान करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्याच भेटीत विचारलं, “गेल्या काही महिन्यांत मारून घ्यायची जागा बदलली आहे का?” बदलली होती. मूठ कपाळाऐवजी डाव्या जबड्यावर बसायला लागली होती. मला, आईला, कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांनी औषधाचं नाव काढायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रेत अक्कलदाढ आडवी वाढलेली दिसली, तिच्याभोवती पू झाला होता. दातांचे डॉक्टर आश्चर्याने म्हणाले, “एवढं असून तुम्हाला दुखलं नाही?” दुखत असणारच. पण भूक, ताप, लघवीची भावना, दुखणं, हे सगळं माझ्यापर्यंत उशिरा आणि अस्पष्ट पोचतं. ऑटिझममध्ये हे पुष्कळ जणांना असतं. दाढ काढल्यावर जखम भरेपर्यंत त्रास झाला, आणि मग जबड्यावर मारून घेणं पूर्ण थांबलं.

म्हणून हे मी सगळ्यांत आधी सांगते. विशेषतः न बोलणाऱ्या मुलाच्या घरच्यांना. मुलाने अचानक कानावर मारून घ्यायला सुरुवात केली, तर आधी कान दाखवा. गालावर, हनुवटीवर मारत असेल तर दात. बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, अर्धशिशी, मुलींमध्ये पाळीच्या आधीचे दिवस, अपुरी झोप, या सगळ्यांनी मारून घेणं वाढतं. जे सांगता येत नाही ते हातातून बाहेर पडतं. ‘ऑटिझममुळेच आहे’ म्हणून डॉक्टर तपासायचं टाळत असतील, तर दुसरे डॉक्टर गाठा.

शारीरिक कारणं तपासून झाल्यावर ओटी ताईंनी एक वही करायला सांगितली. वही आई लिहायची. मेल्टडाउन झाला की आदल्या दोन दिवसांतली झोप, जेवण, आवाज, माणसं, काम, पाळी, प्रत्येकासाठी एक ओळ. आईने ही वही ज्या निगुतीने ठेवली तशी मी ऑफिसातली खातीही ठेवत नाही. दोन-तीन महिन्यांत त्यात एक गोष्ट उघड दिसायला लागली. ज्या क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडाल्यासारखं दिसायचं, ती कारण नसायचीच. वरणात मोहरी जास्त पडली म्हणून मी डोकं आपटलं असं घर समजत होतं. वहीत दिसलं की त्याच्या आदल्या रात्री मी चार तास झोपले होते, दुपारचं जेवण राहिलं होतं आणि समोरच्या बंगल्यात दिवसभर मार्बल कटर चालू होता. महिन्याचंही गणित दिसलं. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, या दोन रिटर्नांची मुदत असते. त्यांच्या आगेमागे वहीची पानं भरलेली होती.

आणि माझ्या आधी आईला कळतं हेही वहीत दिसलं. ती म्हणाली, “तू प्रत्येक गोष्टीला ‘हो हो’ म्हणायला लागलीस ना, की मला समजतं. आणि चवड्यांवर चालतेस.” मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ओटी ताई म्हणाल्या, हेच हवंय, याचं आता माप करा.

माप वहिनीने सुचवलं. ती पंचवटीतली आहे, लहानपणापासून गोदाघाटावर पूर बघत आलेली. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, यावरून सगळं नाशिक पुराचा अंदाज घेतं. पाणी पायाशी असतानाच घाटावरचे विक्रेते टपऱ्या आणि माल वर हलवतात. छातीला लागल्यावर कुणी खाली उतरत नाही, पाणी ओसरायची वाट बघतात. वहिनी म्हणाली, “आपणही तेच माप ठेवू. तुला बोलता नाही आलं तर हात ठेवून दाखव, कुठवर आलंय.” एक ते दहा आकड्यांची पट्टी आम्ही आधी करून बघितली होती. ती मला कधी जमली नाही. आतली अवस्था सहा आहे की सात हे कसं ओळखायचं? पण गुडघ्याला की कमरेला हे मला लगेच सांगता येतं. भाचीलासुद्धा येतं. ती घरभर सांगत फिरते, “आत्याचं पाणी गुडघ्याला आलं.”

पाणी पायाशी किंवा गुडघ्याला असेल तेव्हा जे करायचं ते सगळं कष्टाचं काम असतं. खलबत्त्यात शेंगदाण्याचा कूट करायचा. पोळ्यांची कणीक घट्ट मळायची. दहा किलो तांदळाची पिशवी गच्चीपर्यंत न्यायची आणि आणायची. दोन्ही तळवे भिंतीला लावून भिंत ढकलायची. स्नायूंना हवा असलेला दाब इथे सुरक्षितपणे मिळतो. सोबत काहीतरी खायचं, पाणी प्यायचं आणि कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवायचे. बऱ्याचदा पाणी इथूनच उतरतं. मात्र हे उपाय याच टप्प्यावर चालतात. मेल्टडाउन सुरू झाल्यावर ‘जा, कणीक मळ’ म्हणण्यात अर्थ नसतो. तेव्हा मला कणीक म्हणजे काय हेही कळत नसतं.

कमरेला आलं की पळापळ न करता ठरलेली कामं सुरू होतात. मी चष्मा, कानातले, केसांचा चाप, घड्याळ काढून खिडकीतल्या डब्यात टाकते. दादा कुकरखालचा गॅस बंद करतो. वहिनी भाचीला घेऊन शेजारच्या काकूंकडे जाते. मी खोलीत जाते. कुणी काही विचारत नाही. ‘काय झालं?’ हा प्रश्न आमच्या घरात या वेळेपुरता बंद आहे, कारण उत्तर शोधायला मेंदूला जेवढं काम लागतं, तेवढ्यानेही पाणी छातीला जातं.

खोलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांत जास्त फरक तिने पडला. खोली माझीच, नऊ बाय दहाची. पहिलं काम म्हणजे ओटी ताई जमिनीवर बसल्या आणि माझ्या डोक्याच्या उंचीवरून चारही बाजूंना बघून आल्या. लोखंडी कपाटाचा कोपरा, खिडकीचा ग्रॅनाइटचा ओटा, पलंगाची लाकडी पाठ, या तीन जागा त्यांनी खडूने खुणावल्या. कपाट हॉलमध्ये गेलं. पलंग काढून टाकला, आता मी जमिनीवर गादी घालून झोपते. एका कोपऱ्यात दोन्ही भिंतींना जमिनीपासून चार फूट उंचीपर्यंत जाड फोमच्या गाद्या लावल्या, वर खादीची खोळ, धुवायला निघते अशी. ट्यूबलाइट काढून पिवळा, मंद दिवा लावला. आरसा नाही, काचेची फ्रेम नाही, पाण्याची बाटली स्टीलची नाही. दाराची आतली कडी काढली, म्हणजे आतून मी अडकून पडू शकत नाही. बाहेरची कडीही काढली, कारण मला कधीही, कुठल्याही कारणाने, खोलीत कोंडायचं नाही हे आम्ही लेखी ठरवलं आहे. ती खोली शिक्षेची झाली असती तर पाणी कमरेला असताना मी तिथे पाऊलही टाकलं नसतं.

कोपऱ्यात दोन लोड आणि आजीची गोधडी असते. आजीने जुन्या नऊवारी एकावर एक घालून शिवलेली, उचलताना हात भरून येईल एवढी जड. बाजारात वजनदार ब्लँकेटं मिळतात आणि महाग असतात, आमचं काम गोधडीने झालं. एक खबरदारी मात्र घ्यावीच लागते. ज्याच्या अंगावर ती आहे त्याला ती स्वतः झटकून टाकता आली पाहिजे, आणि ती तोंडावर, नाकावर येता कामा नये. लहान किंवा अशक्त मुलावर जड पांघरूण घालायच्या आधी थेरपिस्टला विचारा.

मला हातही चावायची सवय आहे, मनगटाच्या वर. त्यासाठी जाड सुती, लांब बाह्यांचा शर्ट दाराच्या मागे टांगलेला असतो आणि चघळायचं सिलिकॉनचं कडं दोरीला बांधलेलं असतं. नखं दर रविवारी कापते. डोक्यावर घालायचं मऊ शिरस्त्राणही आणलं होतं, खेळाडू घालतात तसं. ते मला सोसलं नाही, हनुवटीखालच्या पट्ट्याने उलट जास्त त्रास व्हायचा. काहींना त्याची गरज असते आणि त्याने डोकं वाचतं. पण ते थेरपिस्टच्या सल्ल्याने वापरायचं, आणि हळूहळू कमी कसं करायचं हेही त्याच वेळी ठरवायचं.

आता माणसांचं. पाणी छातीला असताना खोलीत एकच माणूस. शक्यतो दादा. तो दाराजवळ जमिनीवर बसतो, माझ्याकडे रोखून बघत नाही, बोलत नाही. मी फोमच्या बाहेर सरकले आणि डोकं कडक जागी जायला लागलं, तर तो मध्ये उशी सरकवतो. हात धरत नाही. सुरुवातीला हे त्याला फार जड गेलं. बहीण समोर स्वतःला मारून घेते आहे आणि तिचे हात धरायचे नाहीत, हे कुठल्या भावाला सोपं जाईल? ओटी ताईंनी त्याला समजावलं की हात धरले की शरीराला तो हल्ला वाटतो, झटापट वाढते आणि दोघांना लागतं. उशी मध्ये आली की फटका उशीवर जातो आणि दाबही मिळतो.

एका २० तारखेचं सांगते. दुपारपासून जीएसटीचं पोर्टल अडकून नुसतं फिरत होतं. शेवटच्या दिवशी सगळा देश एकदम रिटर्न भरायला बसतो, तेव्हा हे नेहमीचंच. ऑफिसचा इन्व्हर्टर दर मिनिटाला बीप करत होता. सरांनी माझ्याकडची उरलेल्या दोन ग्राहकांची रिटर्न दुसऱ्या सहकाऱ्याला दिली आणि मला रिक्षात बसवलं. घरी पोचताना मी हात कमरेवर ठेवून जिना चढले. आईने ते बघूनच दिवे घालवले. खोलीत गेल्यावर मी कोपऱ्यात पाठ टेकून बसले आणि मग छातीला आलं. मला आठवतं ते एवढंच की डोकं मागे जात होतं आणि दर वेळी फोमचा तो ‘धप्प’ असा बसका आवाज येत होता, आणि एकदा डाव्या बाजूने दादाच्या हातातली निळी उशी आली. त्याच्या मनगटावरचा गंडा दिसला. तो काही बोलला नाही. नंतर लोड पोटाशी घट्ट धरून मी कितीतरी वेळ पुढे-मागे झुलत होते. कपाळावर टेंगूळ नव्हतं, हातावर वळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही, पण तिसऱ्या दिवशी गेले. पूर्वी अशा एका संध्याकाळनंतर कपाळावरचा काळा-निळा डाग लपवायला आठवडाभर केस पुढे घ्यावे लागायचे.

धरायचंच नाही याला एकच अपवाद आम्ही ठेवला आहे. जिवाला तत्काळ धोका असेल, म्हणजे रस्त्यावरची वाहनं, गच्चीचा कठडा, गॅस, तर धरून बाजूला घ्यायचं आणि धोका संपताच सोडायचं. पालथं पाडून पाठीवर किंवा छातीवर भार टाकायचा नाही, कधीही नाही. त्याने श्वास कोंडतो आणि माणसं मेली आहेत. संस्थांमध्ये, शाळांमध्ये कुणी मुलाला असं दाबून धरत असेल तर पालकांनी ते एक दिवसही चालू देऊ नये.

घराबाहेर हे सगळं कठीण होतं. नाशिकचा ढोल जगभर गाजतो आणि मला तो दोन गल्ल्या पलीकडून छातीत जाणवतो. गणपतीत आम्ही मिरवणुकीचा रस्ता टाळूनच घरी येतो, विसर्जनाच्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. मामेभावाचं लग्न एका लॉन्सवर होतं. दादाने आदल्या दिवशी जाऊन दोन गोष्टी बघून ठेवल्या, बँड कुठे उभा राहणार आणि गाडी कुठे लावली तर चटकन निघता येईल. मी अक्षता टाकल्या, मामींना भेटले आणि जेवणाच्या पंगतीआधी आम्ही निघालो. ‘आता आलीस आणि लगेच निघालीस?’ असं दोघा-तिघांनी विचारलं, आईने ‘तिला बरं वाटत नाहीये’ म्हणून विषय संपवला. मोबाइलच्या कव्हरमध्ये माझ्याकडे एक कार्ड असतं, मराठीत, मोठ्या अक्षरांत: ‘मला ऑटिझम आहे. आत्ता मला बोलता येत नाही. कृपया मला हात लावू नका, प्रश्न विचारू नका. गर्दी बाजूला करा. माझ्या डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. या नंबरवर फोन करा.’ सोसायटीच्या वॉचमन काकांना आणि खालच्या मजल्यावरच्या दोन घरांना आम्ही हे आधीच सांगून ठेवलं आहे. आवाज आला तर घाबरू नका, पोलिसांना बोलवू नका, दादाला फोन करा. त्यांनी इतक्या सहज मान्य केलं की आईला भरून आलं.

पाणी उतरल्यावर मी रिकामी होते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मऊ भात, झोप. त्या दिवशी चर्चा नाही. पण झोपायच्या आधी वहिनी माझं डोकं बघते, कारण जोराचा फटका बसलाच असेल तर काही लक्षणं थांबायला वेळ देत नाहीत. परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उठवता येईल अशी गुंगी, बोलण्यात गोंधळ, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, फिट येणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यांतलं एकही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. आणि डोळे. डोक्यावर, डोळ्यांजवळ वारंवार बसणाऱ्या फटक्यांनी डोळ्याच्या आतला पडदा सुटू शकतो. अचानक ठिपके तरंगायला लागले, प्रकाशाच्या रेघा चमकल्या, एका बाजूला सावली आली तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. जे मूल सांगू शकत नाही त्याचे डोळे वरचेवर तपासून घ्यावेत. मी दर वर्षी घेते.

औषधांबद्दल लोक हमखास विचारतात. मुलांमधल्या ऑटिझमसोबतच्या तीव्र चिडचिडीसाठी, ज्यात स्वतःला मारून घेणंही येतं, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनला २००६ साली आणि ॲरिपिप्राझोलला २००९ साली मान्यता दिली. काहींना त्यांचा खरा उपयोग होतो. वजन वाढणं, सुस्ती, रक्तातली साखर वाढणं हे धोकेही आहेत, त्यामुळे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, आणि मनाने सुरू किंवा बंद करायची ही औषधं नाहीत. मी डॉक्टरांशी बोलून तूर्त फक्त झोपेचं औषध घेते. पण औषध हे घर बदलण्याच्या ऐवजी देऊ नये असं मला मनापासून वाटतं. समोर मार्बल कटर चालू ठेवून मला गुंगी आणणं हा उपचार नव्हे.

शिक्षेने हे थांबत नाही हेही ठासून सांगायला हवं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत स्वतःला मारून घेणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना आणि मोठ्यांना अंगाला बांधलेल्या यंत्रातून विजेचे झटके दिले जात. २०२० साली तिथल्या औषध प्रशासनाने त्या यंत्रावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्याकडे यंत्र नाही, पण ‘एक ठेवून दिली की गप्प बसेल’ हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

आणखी एक, आणि हे वेगळं ठेवून वाचा. मेल्टडाउनमधलं मारून घेणं म्हणजे मरायची इच्छा नव्हे असं मी वर लिहिलं. पण ऑटिस्टिक माणसांना, विशेषतः मोठ्यांना, मरणाचे विचार इतरांपेक्षा जास्त येतात हेही खरं आहे. मेल्टडाउन ओसरल्यावर, शांत असताना, असे विचार येत असतील तर ते घरातल्या एका माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून माझ्यासाठी तो फोन वहिनी करेल असं ठरलेलं आहे.

ऑफिसचं थोडक्यात सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्याचं प्रमाणपत्र मी सिव्हिल हॉस्पिटलमधून काढलं. ते सरांसमोर ठेवल्यावर माझं टेबल इन्व्हर्टरपासून लांब गेलं आणि २० तारखेच्या आधीची कामं मला महिन्याच्या सुरुवातीला मिळायला लागली. त्याने वहीतली बरीच पानं कोरी राहिली.

सगळं सुटलेलं नाही. बाथरूम अजून घरातली सगळ्यांत धोक्याची जागा आहे. टाइल्स, नळ, ओली फरशी, आणि अंघोळीचं पाणी अंगावर पडणं हेच मला कधीकधी पुरतं. नळाच्या तोट्यांना रबरी टोपणं बसवली, खाली न घसरणारी मॅट घातली, पाणी गुडघ्याच्या वर असेल तर अंघोळ उद्यावर ढकलायची असं ठरवलं. भिंतीला काय लावायचं हे अजून सापडलेलं नाही. फोम ओल्याने कुजतो. प्लंबर भाऊंनी जाड रबरी शीट सुचवली आहे, तिचा नमुना या आठवड्यात येणार आहे.

आईला गुडघ्यांमुळे आता खाली बसता येत नाही आणि दादाची बदली होऊ शकते, म्हणून उशीचं काम वहिनी शिकते आहे. पहिल्यांदा तिने उशी माझ्या कानांवर धरली, त्याने सगळे आवाज आतल्या आत घुमले. बोलता यायला लागल्यावर मी वहीत लिहून दिलं: उशी डोक्याच्या मागे, कान मोकळे, आणि बांगड्या काढून यायचं. तिने वही वाचली, बांगड्या काढून डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, “तू बस कोपऱ्यात, आत्ता एकदा करून बघू.”